दोन बोटं जास्तीचं कापड

मोठ्या माणसांची चरित्रं लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिते आहे ती एका पँट शिवणाऱ्या कारागिराची हकीकत, आणि तो कारागीर माझा नवरा आहे. बायकोने नवऱ्यावर लिहायला घेतलं की एक तर कौतुक होतं, नाही तर फिर्याद. हे दोन्ही नाही. यात वाईट माणूस मी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कोणी म्हणायला नको की बाई लपवून ठेवत होती.

आमच्या ह्यांना सगळे ‘पँटवाले’ म्हणतात. ज्या दुकानात हे सव्वीस वर्षं बसले त्याचे दोन भाग. पुढच्या भागात काच, उभा आरसा, लांब टेबल आणि पंखा. मग एक प्लायवूडची फळी, आणि फळीमागे चार मशीनं, एक इस्त्री, अर्धी खिडकी. पुढे मास्टर उभे राहतात. गळ्यात टेप, पँटमध्ये खोचलेला शर्ट, कमरेला पट्टा. ते माप घेतात, खडूने आखतात, कापतात. मागे कारागीर बसतात, ते नाडीच्या पायजम्यात. दिवसभर मशीनवर पाय हलवायचे तर पँट गुडघ्यात रुतते आणि आसनात उसवते, म्हणून पायजमा. कारण एवढंच होतं. पण वर्षानुवर्षं तसंच चाललं की कारण लोकांच्या लक्षात राहत नाही, पायरी तेवढी राहते. पँट घातलेले लोक पुढच्या दाराने येणार, पायजमेवाले मागच्या बोळातून. गिऱ्हाईक आरशासमोर गिरकी घेऊन मास्टरांना म्हणणार, “काय बसलीये हो!” आणि ती बसवणारा फळीमागे मांडीवरचे दोरे झटकत ऐकणार.

ह्यांना त्याचं काही वाटायचं नाही. हाच तर माझा राग होता.

हे माणसाच्या तोंडाकडे बघतच नाहीत, बघतात ते कमरेखाली. ओळखही तशीच पटते. एकदा रस्त्यात कोणी नमस्कार केला तर हे गप्प. तो पुढे गेल्यावर पाठमोरा बघून म्हणाले, “अरे, हा तर दोन चुण्यांवाला!” शेजारचे आजोबा गेले तेव्हा सगळे मान खाली घालून उभे होते. हेही मान खाली घालून उभे होते. मला वाटलं, गहिवरलेत. तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “त्यांच्या थोरल्या मुलाचा डावा पाय पिळलाय. कापतानाच कापड तिरकं धरलंय कोणीतरी.” असा माणूस. स्वतःकडे पँट एकच, लग्नातली, आणि तिची मी कधीच भाजीची पिशवी करून टाकली होती.

दुकानातल्या पँट शिवून झाल्या की घरी माझ्याकडे यायच्या. काज, हूक, बटण, पायाची हातशिलाई आणि उरलेले दोरे कापणं हे माझं काम. त्यासाठी माझ्याकडे एक छोटी कात्री होती, बोटाएवढ्या पात्यांची. घरातली मोठी कात्री ह्यांची, छोटी माझी. आमच्या संसारातली वाटणी एवढीच.

आता एक गोष्ट समजून घ्यावी लागेल, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. चांगला शिंपी पँट शिवताना मागच्या मधल्या शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं आत सोडतो. पायाच्या दुमडीतही तेवढंच. त्याला माया म्हणतात. माणूस जाडावला तर शिवण उसवून पँट सैल करता येते, उंची कमी पडली तर पाय सोडता येतो. बाहेरून काही दिसत नाही. वाईट शिंपी ते कापड वाचवतो आणि त्याचं दुसरं काही करतो. ह्यांचं ठाम मत होतं की आतलं कापड गिऱ्हाइकाचं, त्याच्या पुढच्या दहा वर्षांचं. कुणाच्याही पँटमध्ये हे ती दोन बोटं सोडायचे, मग तो साहेब असो की शिपाई.

माझी एक ताई आहे, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून होते. लग्न आमची दोघींची एकाच वर्षी झाली. पगारही तेव्हा दोघांचे जवळपास सारखे. फरक एवढाच, की भावोजी पँट घालून कामाला जायचे आणि हे पायजमा घालून पँट शिवायला जायचे. भावोजींच्या पँटची इस्त्री अशी, की घडीवर भाजी चिरावी. बसायच्या आधी ते दोन्ही गुडघ्यांवरचं कापड दोन बोटांनी चिमटीत धरून वर ओढायचे आणि मग टेकायचे. ती चिमूट बघितली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कारण ती पँट ह्यांनी शिवलेली असायची. सुट्टीच्या दिवशी, घरच्या मशीनवर, फुकट. “साडूकडून पैसे काय घ्यायचे?” हे म्हणायचे.

मुलीला शाळेत घालायचं होतं तेव्हा भावोजी म्हणाले, “मी येतो बरोबर, माझी ओळख आहे.” हे दुकानातून परस्पर आले, म्हणजे पायजम्यात, खांद्यावर दोऱ्याचा एक तुकडा. मुख्याध्यापिकाबाईंनी भावोजींना खुर्ची दिली. मला स्टूल दिलं. ह्यांच्याकडे बघून विचारलं, “तुम्ही बाहेर थांबता का?” आणि हे थांबले! मी काही बोलायच्या आत बाईंनी अर्ज भावोजींपुढे सरकवला आणि म्हणाल्या, “वडिलांनी इथे सही करायची.” भावोजी हसले. “मी मावसा. वडील बाहेर आहेत,” म्हणाले. त्यांनी वाईट काहीच केलं नव्हतं. पण त्या हसण्यात मजा होती, ती मी बघितली.

बाहेर आल्यावर मला वाटलं, ह्यांना वाईट वाटलं असेल, काहीतरी बोलून समजूत काढावी. तर हे भावोजी पुढे गेल्यावर माझा हात दाबून म्हणतात, “बघितलंस? खुर्चीतून उठले तर मागे एक चुणी नाही. दारातून बघत होतो मी.”

मला काय झालं ते मला नीट सांगता येतं. मला ताईचा हेवा वाटला. तिचा नवरा खुर्चीत बसतो म्हणून, आणि माझा नवरा त्याचंसुद्धा वाईट वाटून घेत नाही म्हणून. माझ्या वाटणीचं आणि ह्यांच्या वाटणीचं, दोघांचं मिळून मी एकटी जळत होते.

त्याच आठवड्यात भावोजींची नवी कॉफी रंगाची पँट माझ्या मांडीवर आली, पाय घालायला, म्हणजे पायाची दुमड हाताने शिवायला. कात्री आपोआप चालली असं मी लिहिणार नाही. मी चालवली. आधी पायाच्या दुमडीतली दोन बोटं कापली, मग पँट उलटी करून मागच्या शिवणीतली. शिवणीच्या अगदी जवळून कापलं आणि कडा दोऱ्याने बांधून टाकल्या, म्हणजे दोरे सुटून बोभाटा नको. वरून इस्त्री केली. बाहेरून पँट अशी दिसत होती की बघत राहावं. आतून तिच्यात उद्याचं काही नव्हतं. वाढ म्हणावं आता किती वाढतोस ते.

त्या कापलेल्या पट्ट्या मी टाकल्या नाहीत. शिंप्याच्या घरात चिंध्यांना तोटा नसतो. मी पायपुसणं विणायला घेतलं होतं, त्यात त्या पट्ट्या गोवल्या आणि ते पायपुसणं आमच्या बाहेरच्या दाराशी टाकलं. बाहेरून आत येताना रोज साहेबाच्या कमरेवर पाय पुसायचे. लिहायला लाज वाटते, पण तेव्हा फार बरं वाटायचं.

भावोजी वाढले. कारकुनाचे हेडक्लार्क झाले, हेडक्लार्कचे साहेब झाले. प्रत्येक बढतीला ताई कापड घेऊन यायची. आधी साधं टेरीकॉट, मग गॅबर्डीन, मग लोकरीचं. हुद्द्याबरोबर त्यांचं पोटही चढत गेलं, आणि मी प्रत्येक पँटची दोन बोटं कापून पायपुसण्याच्या कडेला गोवत गेले. कॉफी, निळी, काळी, बदामी. वर्षा-दीड वर्षात ती पँट भावोजींना आवळायला लागायची. आणि मग काय व्हायचं? ती पँट पिशवीत घालून ताई आमच्याकडेच आणून द्यायची. “ह्यांना होईना गं. भावोजींना बघ होते का. चांगली आहे अजून.” मी तिच्या ह्यांना भावोजी म्हणते, तशी ती आमच्या ह्यांना.

चांगली आहे अजून! माझ्या नवऱ्याने शिवायची, त्यांनी मिरवायची, आणि मग उतरलेली म्हणून माझ्याच नवऱ्याला आणून द्यायची. मी दारातच पिशवी घ्यायची, गोड हसायची आणि ताई कोपऱ्यावर वळली की पँट बोहारणीला देऊन टाकायची. ह्यांना बघूसुद्धा द्यायची नाही. आणि नवी पँट आली की जास्त रागाने कापायची.

दोन गोष्टींची संगती मला इतक्या वर्षांत लागली नाही. डोकं जळत असलं की गणित येत नाही.

ती लागली एका सुट्टीच्या दिवशी. सकाळी ताई आली, हातात पिशवी. ह्या वेळी हे घरी होते, त्यामुळे पिशवी लपवता आली नाही. आतून राखाडी लोकरीची पँट निघाली. ह्यांनी ती हातात घेतली, पालथ्या हाताने कापड चाचपलं. त्यांचा चेहरा खुलला.

“ही गेल्या थंडीतली. फार सुंदर कापड. कापताना कात्री लोण्यातून जावी तशी गेली होती.”

ताई माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. आवाज खाली आणून म्हणाली, “एक सांगू? भावोजींना कळू देऊ नकोस. चार वेळासुद्धा घातली नाही बघ ही. आवळायला लागली म्हणून ह्यांनी कचेरीजवळच्या शिंप्याकडे नेली, जरा सैल करून द्या म्हणून. तो म्हणाला, साहेब, आत कापडच नाही. कुणी शिवली? कापड खाल्लंय तुमचं.”

मी कपबशी पुसत होते. पुसतच राहिले.

“आणि हीच नाही,” ताई म्हणाली. “प्रत्येक वेळी असंच. आम्ही किती वर्षांपूर्वीच ओळखलं. पण हे म्हणतात, जाऊ दे, फुकट शिवून देतात बिचारे, दोन बोटं कापड वाचवून घेत असतील तर घेऊ दे. बोलायचं नाही. म्हणून आवळली की तुमच्याकडेच आणून देते. म्हटलं, त्यांचं कापड त्यांच्याकडे.”

म्हणजे ताईच्या घरात माझा नवरा कापडचोर होता. किती वर्षं कोण जाणे. ज्याने आयुष्यात गिऱ्हाइकाचा एक दोरा ठेवून घेतला नाही, तो. आणि ज्या उतरलेल्या पँटमुळे मी इतकी जळत होते त्या माझ्याच कात्रीने आमच्या दारात आणून टाकलेल्या होत्या. मी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. बहीण समोर होती, दार लावलेलं होतं. मी काय केलं? म्हणाले, “साखर कमी झाली का गं चहात?”

ताई गेली. दुपारी जेवणं होतायत न होतायत तो दुकानाचे मालक दारात. ते आमच्याकडे कधी येत नसत. उभ्याउभ्याच बोलले. मास्टर मुलाकडे राहायला निघून गेले होते, कायमचे, आदल्या दिवशी टेप टेबलावर ठेवून. आणि उद्या साडेनऊला एका मोठ्या घरची माणसं सहा सूटांची मापं द्यायला येणार होती.

“पँटवाले, उद्या तुम्ही पुढे उभे राहा,” मालक म्हणाले. “हात तुमचा सगळ्यात चांगला आहे हे मला माहीत आहे. जमलं तर टेप तुमचीच. फक्त एक करा.” त्यांनी ह्यांच्या पायजम्याकडे बघितलं आणि मग लगेच भिंतीकडे. “पँट घालून या. पुढचं गिऱ्हाईक कसं असतं तुम्हाला माहीतच आहे.”

“पँट आहे माझ्याकडे,” हे म्हणाले.

मालक गेल्यावर ह्यांनी मशीनवरची टेप उचलली आणि आरशासमोर जाऊन गळ्यात टाकून बघितली. माझं लक्ष गेल्याचं कळताच लाजून काढून ठेवली. मी समजत होते की ह्या माणसाला कसलीच हाव नाही, ह्याला फळीमागे बरं वाटतं. सव्वीस वर्षं शेजारी झोपून मला एवढंच कळलं होतं.

“बाजार बंद आहे आज,” मी म्हणाले. “कापड कुठून आणणार?”

“कापड कशाला? ही राखाडी आहे ना. ही शिवली तेव्हा साडूंची कंबर चौतीस, माझी छत्तीस. ते बुटके, मी उंच. मागून दोन बोटं सोडायची, पायातून दोन बोटं सोडायची. तासाभराचं काम. मीच ठेवलंय आत, मला आठवतंय ना.”

“दुसऱ्याची उतरलेली पँट घालून पहिल्या दिवशी उभं राहायचं?” मी म्हणाले. “बरं दिसतं का?”

“दुसऱ्याची कशी? मी शिवलीये.”

“शेजाऱ्यांकडून एखादी मागून आणते.”

हे हसले. “अगं, ज्याची स्वतःची पँट अंगाला बसत नाही त्याला कोण माप देईल? मी लोकांची मापं घ्यायची आणि लोकांनी माझं?”

खिडकीपाशी उजेडात पाट घेऊन हे बसले. ब्लेडचा अर्धा तुकडा बोटांत धरून त्यांनी कमरपट्टी सोडवली. मी दारात उभी होते, त्या पायपुसण्यावर. अजूनही सांगता आलं असतं. ‘थांबा, उसवू नका, मी कापलंय’, एवढे पाच शब्द. पण मला वाटत होतं, कदाचित ह्या एका पँटला मी हात लावला नसेल. माणूस किती मूर्ख असू शकतो बघा. स्वतः केलेलं काम मी आठवत नसल्याचं सोंग करत होते, तेही स्वतःपुढे.

ह्यांनी पँट उलटी केली आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. अंगठा थांबला. परत वरपासून फिरवला. मग पाय उलटा करून बघितला. मग दुसरा पाय. मग पँट डोळ्यांजवळ नेऊन कापलेली कड बघत राहिले.

“बारीक कात्री आहे,” हे म्हणाले.

घरात बारीक कात्री एकच होती. ती माझ्या कमरेला दोऱ्याने अडकवलेली होती.

हे उठले, माझ्याजवळ आले. मला वाटलं, हात उगारणार. तो त्यांनी कधी उगारला नव्हता, पण मला वाटलं आज उगारावा. हे खाली वाकले. मी बाजूला झाले तसं त्यांनी पायपुसणं उचललं आणि उजेडाकडे नेलं. कापड ओळखण्यात त्यांचा हात कोण धरणार? इतकी वर्षं चिंध्या म्हणून त्यावरून चालत होते. आता एकेका पट्टीवर बोट ठेवत गेले. “कॉफी,” म्हणाले. “निळी. ही हेडक्लार्क झाले तेव्हाची. बदामी.” कडेला राखाडी होती. ती पट्टी त्यांनी ओढून बघितली. पायांनी घासून कापडाचा पार जीव गेलेला, जोड द्यायलासुद्धा उपयोग नव्हता.

“शाळेपासून?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. ह्यांनी पायपुसणं परत दाराशी नेऊन ठेवलं आणि त्याचा दुमडलेला कोपरा सरळ केला. मग पँटची कमरपट्टी पहिल्यासारखी शिवून टाकली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी. रडले, पण ते आत जाऊन. ह्यांच्यासमोर रडायचा मला हक्क वाटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी हे धुतलेला पायजमा घालून गेले. त्याला त्यांनी स्वतः इस्त्री केली होती, मधोमध घडी पाडून, पँटला पाडतात तशी. शर्ट शिवणारा कारागीर नंतर मला सांत्वनाच्या सुरात सगळं सांगून गेला. मालकांनी दारात ह्यांच्याकडे खालपर्यंत बघितलं, रागावले नाहीत, म्हणाले, “आज तुम्ही आतच बसा.” शर्टवाल्याच्या अंगावर त्या दिवशी योगायोगाने पँट होती, त्याला संध्याकाळी कुठे मुलगी बघायला जायचं होतं. टेप त्याच्या गळ्यात पडली. तो ह्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान. सहा सूटांतल्या सहा पँट ह्यांनी फळीमागे बसून शिवल्या, आणि आत प्रत्येकी दोन बोटं सोडली. त्या घरी आल्या तेव्हा मी मोजली.

आठवड्याने भावोजी आणि ताई आले. कुठून तरी कळलं होतं. दाराशी येऊन भावोजींनी नेहमीसारखे त्या पायपुसण्यावर पाय पुसले, आधी उजवा, मग डावा, नीट. मग चिमटीत गुडघे धरून खुर्चीत टेकले.

“साडूबुवा, हे काय ऐकतोय? पँट नव्हती म्हणून मास्टरकी गेली? अहो, ती राखाडी होती की घरात!”

“ती झाली नाही,” हे म्हणाले.

“मग सैल...” भावोजी म्हणाले आणि गप्प झाले. ताईला मात्र राहवलं नाही. वर्षानुवर्षांचं साठलेलं तोंडात आलं.

“सैल कशी होणार? आत कापड ठेवलं असतं तर झाली असती. माफ करा भावोजी, पण आता बोलतेच. इतकी वर्षं आम्ही चकार शब्द काढला नाही. शेवटी ते कापड तुम्हालाच नडलं ना?”

मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. चार कप. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. भावोजींच्या पँटकडे बघितलं, गुडघ्यावरच्या घडीकडे.

“ठेवत होतो,” हे म्हणाले. “मग शिवून झाल्यावर मीच कापून टाकत होतो. तुमची इस्त्री बघवत नव्हती मला. शाळेत तुम्हाला खुर्ची दिली, मला बाहेर उभं केलं. तेव्हापासून. पोटात दुखायचं.”

भावोजींचे कान लाल झाले. “मला वाटायचं, तुम्ही कापड...” पुढचा शब्द त्यांनी गिळला.

“तेही समजा. माझी हरकत नाही.”

ताई कपाळाला आठ्या घालून जमिनीकडे बघत होती. भावोजींनी कधी नव्हे ते पाय लांब केले, घडीची पर्वा न करता. म्हणाले, “साडूबुवा, खरं सांगू? ती खुर्ची मिळाली तेव्हा मला गंमत वाटली होती. उठायला पाहिजे होतं मी.” आणि माझ्याकडे वळून, “आण गं चहा. गार होतोय.”

मी ट्रे ठेवला. एकेकाच्या हातात कप दिला.

ते गेल्यावर मी ह्यांना विचारलं, “का घेतलंत अंगावर? इतक्या वर्षांचं नाव घालवलंत.”

हे मशीनला तेल घालत होते. “साडूसाडूंचं तुटलं तरी चालतं,” म्हणाले. “बहिणीबहिणींचं तुटून कसं चालेल?”

मी आयुष्यात पुष्कळांचा हेवा केला. ताईच्या कपाटाचा, भावोजींच्या खुर्चीचा, आता शर्टवाल्याच्या नव्या नवरीचाही करते, तिचा नवरा पुढच्या दाराने येतो म्हणून. पण त्या संध्याकाळी मला ह्यांचा हेवा वाटला. अगदी जळफळाट झाला. एका माणसाकडे इतकं कुठून येतं, आणि माझ्याकडे का नाही?

ताईला मी अजून सांगितलेलं नाही. हे लिहून झालं की पहिल्यांदा तिच्या हातात द्यायचं, असं तीनदा ठरवलंय.

पुढच्या महिन्यात भावोजींनी निवृत्तीच्या समारंभासाठी गडद निळं कापड पाठवलं. सुट्टीच्या दिवशी ह्यांनी ते कापलं, शिवलं. मला वाटलं, आता हातशिलाईही स्वतःच करतील, मला पँटला शिवू देणार नाहीत. मी त्याला तयार होते. संध्याकाळी ह्यांनी पँट आणून नेहमीसारखी माझ्या मांडीवर टाकली. “हूक लाव आणि पाय घाल,” म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मी पँट उलटी केली. मागच्या शिवणीत दोन बोटं नव्हती, तीन होती. पायात पण तीन. मी उठले, कमरेची कात्री सोडली आणि कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचत नाही तिथे. मग खिडकीशी बसून पाय घातले, हूक लावले, आणि सगळे दोरे दातांनी तोडले.